प्रवचनाचा डबा

मंचरच्या बाजारपेठेत कस्तुरबाईंच्या दुकानातनं तुम्ही साधा तांब्या घेतला आणि त्यावर नाव टाकून मागितलं, तर आधी तुमची उलटतपासणी होणार. कुणाला द्यायचाय, कशाबद्दल द्यायचाय, देणारे किती जण. एकदा माझ्यासमोर एक पावणं आलं आणि म्हणालं, या वाटीवर आमच्या आख्ख्या भावकीची नावं टाका. कस्तुरबाईंनी वाटी हातात फिरवून बघितली. "पावणं, एक तर नावं कमी करा, न्हाईतर भांडं मोठं घ्या. एवढी माणसं वाटीत बसत न्हाईत." पावण्यानं गुमान पातेलं घेतलं.

दुसरा एक जण त्याहून वस्ताद. स्वतःच्या लग्नात आहेर आलेला डबा घेऊन आला. वरचं नाव घासून काढा, माझं टाका, पुढच्या लग्नात देऊन मोकळा होतो, म्हणाला. त्याला त्यांनी पायरीसुद्धा चढू दिली नाही. नाव टाकायचं मशीन त्यांच्या हातात असतं आणि त्या हातानं खोटं नाव कधी टाकलेलं नाही, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

मी रत्ना. मूळची वर डोंगरातली, तळेघरची. आमच्याकडं भात आणि नाचणी. एसटी आली तर आली, नाहीतर पाय आहेतच. कॉम्प्युटर शिकून मी मंचरला स्टँडमागं दुकान टाकलं, दुरुस्ती आणि क्लास दोन्ही. माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. कुणी "मॅडम, काही न करताच बंद पडलं" म्हणालं की माझं डोकं फिरतं. काही न करता कुणाचं काही बंद पडत नसतं, राव. पण कस्तुरबाईंसमोर माझा राग चालत नाही, कारण त्यांचा माझ्याहून मोठा आहे.

त्या क्लासला आल्या तेव्हा साठी उलटून गेलेली. जैन स्थानकातल्या महिला मंडळाच्या त्या चिटणीस. मंडळाच्या पत्रिका टाइप करून देणारा माणूस सारखा उद्या या, परवा या करायचा, म्हणून चिडून त्यांनी ठरवलं की आपणच शिकायचं. कॉलेजच्या पोरापोरींत पहिल्या बाकावर बसायच्या. पहिल्याच दिवशी विचारलं, फोल्डर म्हंजे काय? मी म्हणाले, "काकी, फोल्डर म्हंजे डबा. वर नाव टाकायचं, वस्तू आत ठेवायची, डबा फळीवर लावायचा."

"एवढंच व्हय?" म्हणाल्या, आणि तिथनं पुढं त्यांना मला काही फार शिकवावं लागलं नाही.

घरचा कॉम्प्युटर त्यांनी माझ्याकडूनच नेला. दुकानाच्या वर घर, घराच्या मागच्या खोलीत टेबल, टेबलावर तो. आतल्या डब्यांची मांडणी बघत राहावी अशी. शौर्य हा त्यांचा नातू. त्याच्या बारशाचा डबा वेगळा, वाढदिवसांचा वेगळा. मंडळाच्या बायकांनी म्हटलेल्या स्तवनांचा एक, पापडाच्या मापांचा एक.

एकदा तिथं चहा घेताना माझं लक्ष स्वयंपाकघराच्या फळीवर गेलं. सगळ्या भांड्यांवर एकच नाव, खेमचंद. हे त्यांचे मालक. मी म्हणाले, "काकी, सगळ्या तालुक्याची नावं टाकता, मग तुमचं कुठंय?"

"घरच्या भांड्यावर मालकाचंच नाव असतं, पोरी. रीत हाय ती."

मला काही ते पटलं नाही, पण चहा चांगला होता, म्हणून गप्प बसले.

खेमचंद शेठ म्हणजे लोण्याचा गोळा. मूळचे बोरी बुद्रुकचे. मुलानं, पीयूषनं, दुकान हातात घेतल्यापासून शेठ दुपारचं जेवण झालं की मागच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे, कानाला हेडफोन लावायचे आणि प्रवचन ऐकायचे. रोज, न चुकता. त्या वेळात घरात आवाज करायचा नाही, असा कस्तुरबाईंचा कायदा. टीव्ही बंद, कुकर बंद, मिक्सर तर बंदच बंद. सून रिंकू पुण्याची. तिला दुपारी चटणी वाटायची झाली तर ती पाटा-वरवंटा घेऊन खाली मागच्या अंगणात बसायची. मधे कधीतरी कस्तुरबाई उकळून निववलेलं पाणी पेल्यात घेऊन जायच्या, दार किलकिलं करून पेला आतल्या स्टुलावर ठेवायच्या आणि पाऊल न वाजवता मागं यायच्या. "ह्यांना या वयात धर्माची लई गोडी लागली, रत्ना," हे त्या मला सांगायच्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

यंदा चातुर्मासाला गावात महासतीजी आल्या, म्हणजे जैन साध्वी. पर्युषण हे उपासांचं पर्व जवळ आलं तेव्हा त्यांनी व्याख्यानात सांगितलं, प्रत्येकानं आपल्याकडच्या एखाद्या गोष्टीचा निम्मा पसारा सोडा. कुणी साड्या सोडल्या, कुणी चपला, कुणी कपाटातली नवी कोरी चादरी-बेडशीटं. कस्तुरबाईंची पंचाईत झाली. साड्या त्यांनी मागंच निम्म्या केलेल्या. रात्रीचं जेवण कधीच नव्हतं. मंचरसारख्या बटाट्याच्या गावात राहून बटाटा तोंडाला लावला नव्हता. सोडायला काही उरलंच नव्हतं बाईकडं.

आणि नेमका आदल्या दिवशी घरचा कॉम्प्युटर 'जागा संपली' म्हणून अडून बसलेला. कस्तुरबाई भर स्थानकात उभ्या राहिल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "माझ्या घरच्या कॉम्प्युटरात जेवढं साठलंय, त्यातलं निम्मं मी संवत्सरीच्या आत सोडते." महासतीजींनी तिथल्या तिथं पचखाण दिलं. पचखाण म्हणजे घेतलेला नियम. तो मोडायचा नसतो. कस्तुरबाईंनी जन्मात एकही मोडला नव्हता. संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, फार काही लांब नव्हता.

दुपारच्या आत मला फोन. "रत्ना, कुठल्या डब्यानं किती जागा खाल्ली ते एका नजरेत दिसंल, असं काही असतं का गं?"

असतं. फुकट मिळतं, साधं ॲप आहे. मी जाऊन ते टाकलं आणि चालू केलं. ते सगळे फोल्डर एकेक करून धुंडाळतं आणि पडद्यावर रंगीत चौकोनांचा नकाशा काढतं. ज्या फोल्डरनं जास्त जागा अडवली त्याचा चौकोन मोठा, कमी त्याचा बारका. त्या चष्मा पुसून बसल्या. चौकोन एकेक करून उमटायला लागले तसा त्यांचा चेहरा खुलला.

"ही तर आपली फळीच की गं," म्हणाल्या. "पिंप, डबा, डबी, वाटी. हे बारकं हिरवं काय?"

"पापडाची मापं."

"आणि हे जांभळं?"

"मिच्छामि दुक्कडम्. संवत्सरीला लोक माफी मागायला चित्रं पाठवतात ना फोनवर, ती सगळी तुम्ही इथं भरून ठेवलीत. दरवर्षीची."

मग नकाशा पुरा झाला. आणि बाकीचे सगळे डबे एका बाजूला अंग चोरून बसले, कारण मधोमध एक भलामोठा निळा चौकोन पसरला होता. निम्म्या पडद्याहून मोठा. वर नाव होतं, प्रवचन.

कस्तुरबाईंनी ते नाव दोनदा वाचलं. मग त्यांनी रिंकूला हाक मारली. "बघ. बघून घे. या घरात सगळ्यात जास्त जागा कशाला लागते ते बघ." मला खरंच बरं वाटलं त्यांच्याकडं बघून. म्हाताऱ्या माणसाला अशी शाबासकी कोण देतं?

पण हिशोब काही जुळत नव्हता. मी म्हणाले, "काकी, काही फायली कॉम्प्युटरला चालायलाच लागतात, त्या काढता येत न्हाईत. उरलेल्यातलं तुमचं सगळं काढलं तरी निम्मं व्हायचं न्हाई. या निळ्याला हात लावावा लागंल."

"त्याला न्हाई लावायचा. धर्माचा डबा हाय तो."

"काढत न्हाई ओ. एकच प्रवचन दोन-दोनदा साठवलेलं असंल, तेवढं बघते."

त्यांनी मान हलवली. मी निळा चौकोन उघडला. आत रांगेनं व्हिडिओ, प्रत्येकावर गावाचं नाव. लोणी. बोरी. परत लोणी.

"लोणी?" कस्तुरबाई पुढं वाकल्या. लोणी त्यांचं माहेर. "लोणीत कुणाचं व्याख्यान झालं? मला कसं कळलं न्हाई? लाव बघू."

मी लावलं. हेडफोन शेठच्या खिशात गेलेले होते, त्यामुळं आवाज सरळ स्पीकरवर आला.

"झाली... झाली... झाली... भिर्रर्रर्रर्र!"

पडद्यावर घाट होता. आमच्याकडं बैलगाडा शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. गुलालाचा ढग, दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, पुढं घोडी, मागं चार बैल आणि त्यांच्यामागं उडत जाणारा रिकामा गाडा. निवेदक घसा फाटेस्तोवर ओरडत होता. रिंकू दारात उभी होती, ती हसत हसत खालीच बसली. तिनं पाट्यावर वाटलेली सगळी चटणी तिला आठवली असणार.

मी दुसरा लावला. बैलगाडा. तिसरा लावला. तिथंही भिर्रर्र. सगळाच्या सगळा डबा बैलगाड्यांचा.

कस्तुरबाई हसल्या नाहीत. "बंद कर," म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी पाऊलसुद्धा वाजवत न्हवते, रत्ना."

मी व्हिडिओ बंद केला.

मग त्यांना राग आला, आणि आला तो कढईतल्या तेलासारखा. "मुकी जनावरं पळवायची, ते बघत बसायचं, आणि वर नाव धर्माचं. जन्मभर भांड्यांवर नावं टाकत आले मी. एका डब्यावर खोटं नाव टाकलं न्हाई. आणि माझ्याच घरात?"

रिंकू डोळे पुसत म्हणाली, "मम्मी, सोपं आहे की. हा एक डबा काढून टाका. तुमचा नियमही पूर्ण होईल आणि पप्पांना शिक्षाही."

"माझा हाय का तो? दुसऱ्याचं सोडून मला कसलं पुण्य?"

मी म्हणाले, पेनड्राइव्हवर काढून ठेवू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत तळेघरला चालत जावं. "पिंपातलं काढून घागरीत ओतलं, तर ते सोडलं झालं का?"

म्हणजे आता असं होतं. शेठच्या डब्याला हात लावल्याशिवाय नियम पुरा होणार नव्हता. हात त्या लावणार नव्हत्या. शेठना सांगणारही नव्हत्या, कारण सांगून सोडायला लावलं तर तो हुकूम झाला, सोडणं नव्हे. आणि संवत्सरी तर येतच होती.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा पसारा काढायला घेतला. मी रोज दुकान बंद करून तासभर जायची. माफीची चित्रं त्या नुसती पुसू देईनात. "ह्या बाईनं माफी मागितली, मी उत्तर दिलं व्हतं का? उत्तर न देता कशी काढू?" जिला दिलं नव्हतं तिला फोन लावायच्या. नारायणगावच्या कुणा बाईला इतक्या जुन्या माफीबद्दल माफ केलं की ती बाई घाबरून विचारत होती, काकू, तब्येत बरी आहे ना? चित्रं कचऱ्याच्या डब्यात गेली तेव्हा मला वाटलं सुटलो. तर म्हणे, "कचऱ्याचा डबा घरातच हाय ना अजून? तो बाहेर रिकामा कर, मग मी सोडलं म्हणीन." बरोबरच होतं ते. रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होतच नाही. रेसिपी गेल्या, सणासुदीचे मेसेज गेले, निम्मी स्तवनंसुद्धा गेली. नकाशा परत काढला की तो निळा चौकोन आणखीनच मोठा दिसायचा.

शेठशी बोलणं सगळं रिंकूमार्फत. "रिंकू, तुझ्या सासऱ्यांना म्हणावं ताट वाढलंय." सासरे समोरच बसलेले. दुपारचं पाणी बंद झालं. आणि दुपारी शेठ मागच्या खोलीत गेले की कस्तुरबाई स्वतः उठून मिक्सर लावायच्या. वाटायला काही नसलं तरी लावायच्या.

चार-पाच दुपारी अशा गेल्यावर खेमचंद शेठ माझ्या दुकानात आले. याआधी कधी आले नव्हते. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तिला कळलं ना, रत्ना?"

"कळलं. तुमी कशावरनं ओळखलंत?"

"मिक्सरवरनं," शेठ म्हणाले.

मला हसू आलं पण मी दाबलं, कारण माणूस खरंच कासावीस झालेला होता. म्हणाले, बोरीला असताना बाप दुकानात आणि मी घाटात, असं माझं बालपण गेलं. बैलांच्या अंगावरनं हात फिरवायला मिळाला तर त्या दिवशी जेवायचं भान नसायचं. "मग लग्न झालं. ही आली, तिचं सकाळी सामायिक, संध्याकाळी प्रतिक्रमण, सगळा वेळ धर्मात. नव्या नवरीला एकदा विचारलं व्हतं, तुमच्या लोणीचा घाट लई मोठा ना? ही नुसती खाली बघत राहिली. मी समजलो. परत विषय काढला न्हाई. आता म्हातारपणी फोनवर, कॉम्प्युटरवर सगळे घाट दिसायला लागले, आन् मला काय राहवंना. डब्याला खरं नाव दिलं असतं तर ती रोज बघून दुखावली असती. म्हणून ते नाव टाकलं."

"खोटं नाव टाकलंत तुमी. तेही नावं टाकणाऱ्या बाईच्या घरात."

"व्हय," शेठ म्हणाले. "आता सगळं काढून टाकतो. तिचा नियम माझ्यापायी मोडायला नको. फक्त एकदा बघतो. एकेक बघतो आन् एकेक काढतो. मला काढायचं कसं ते दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या मागच्या खोलीत होते. शेठनी हेडफोन लावलेच नाहीत, आता लपवायचं काय राहिलं होतं? स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता, इकडं निवेदक ओरडत होता. शेठनी पहिला व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, मी दाखवलं तसा काढला, आणि डोळे पुसले. दुसरा लावला. बैल सुटायच्या जागेवर उभे होते, माणसं त्यांना धरून होती, घोडी पुढं नाचत होती.

मिक्सर बंद झाला.

"ही बारी वाया जाणार," मागनं आवाज आला.

बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. शेठ वळले. दारात कस्तुरबाई. हातात पाण्याचा पेला.

"घोडी आधीच निघाली," त्या पडद्याकडं बघत म्हणाल्या. "बैल अजून सुटले न्हाईत आन् ही पुढं गेली. बैल बघणार कुणाकडं?"

आणि तसंच झालं. गाडा निम्म्या घाटात रेंगाळला, निवेदकाचा आवाज पडला. शेठ तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत होते.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मी लोणीची हाय," कस्तुरबाई म्हणाल्या. "जत्रेत आमचं दुकान घाटाच्या कडेलाच लागायचं. पातेल्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या असायच्या, त्यांच्यावर मी बसायची. गिऱ्हाइकापेक्षा घाटाकडं जास्त बघते म्हणून बापाचा मार खाल्लाय."

"मग मी विचारलं तवा खाली का बघत राहिलीस?"

"सासूबाई दारात उभ्या व्हत्या. तुमची पाठ व्हती त्यांच्याकडं. तुमाला कुठं दिसलं?"

पडद्यावर निवेदक पुढच्या गाड्याची नावं घेत होता. मला वाटलं आपण इथं नको, पण उठून जायला वाट त्यांच्या दोघांच्या मधूनच होती.

"लई रागावलीस?" शेठनी विचारलं.

"व्हय. लई." पेला त्यांनी स्टुलावर ठेवला, जोरात ठेवला. "आधी वाटलं, बैलांवरनं रागावले. मग वाटलं, नावावरनं. मिक्सर लावून लावून विचार केला. इतक्या दुपारी मी भिंतीच्या अल्याड मोकळी बसलेली असायची. हाक मारायची व्हती." आणि बाईच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी त्यांना तोवर कधी रडताना बघितलं नव्हतं.

शेठनी हात जोडले. "मिच्छामि..."

"संवत्सरीला अजून वेळ हाय," कस्तुरबाई नाक पुसत म्हणाल्या. "माफी तवा मागा. आज बैल दाखवा." आणि खुर्ची ओढून बसल्या.

मग रोज दुपारी तेच. दोघं शेजारी शेजारी बसून एकेक व्हिडिओ बघायचे, भांडायचे आणि काढून टाकायचे. जिथं काठी उगारलेली दिसली तो व्हिडिओ कस्तुरबाई पुरा बघूच द्यायच्या नाहीत, तिथंच काढा म्हणायच्या, आणि शेठही वाद घालायचे नाहीत. चांगल्या बारीला मात्र दोघांचा जीव तुटायचा. "काढू का?" शेठ विचारायचे. "काढा," त्या म्हणायच्या, आणि शेठचा हात माउसवर असताना, "थांबा, एकदा परत," म्हणायच्या. मी गेले की कचऱ्याचा डबा रिकामा करायचा आणि नकाशा काढायचा. निळा चौकोन दिवसागणिक आखडत चालला होता.

संवत्सरीच्या आदल्या दुपारी मी परत नकाशा काढला. दोघंही पडद्याला नाक लावून. निळ्यात आता लोणीच्या आणि बोरीच्याच बाऱ्या उरल्या होत्या. त्या दोघांनी मुद्दाम शेवटाला ठेवल्या असणार, पण कबूल एकानंही केलं नाही.

"निम्मं झालं का?" कस्तुरबाईंनी विचारलं.

मी पहिल्या दिवशीचा आकडा आणि आजचा आकडा दाखवला. "झालं, काकी. निम्म्याला थोडं वरच."

शेठनी माउस धरलाच होता. "हेपण काढतो. सगळंच सोडलं तर जास्त बरं."

"जास्त कशाला?" त्या म्हणाल्या. "निम्म्याचा नियम घेतलाय मी. महासतीजींनी निम्मं सांगितलंय. आपण कोण शहाणे?"

मग त्यांनी मला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. निळ्या डब्यावरचं 'प्रवचन' हे नाव पुसलं. दोन्ही हातांची दोन बोटं, आणि मशीनवर नाव कोरताना जीभ दातांत धरतात तशी धरलेली. एकेक अक्षर उमटत गेलं. बैलगाडा, मग जागा सोडून खेमचंद. त्या थांबल्या. मला वाटलं झालं. शेठनापण वाटलं, ते मागं सरले. कस्तुरबाईंनी पुन्हा एक जागा सोडली आणि पुढं लिहिलं, कस्तुरबाई.

"नाव बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं, शेठना नाही, मला.

"बरोबर हाय," मी म्हणाले. त्या घरातल्या एका तरी डब्यावर त्यांचं नाव आलं, याचा मला जो आनंद झाला तो मला कुणापासून लपवायचा नाही.

संवत्सरी झाली, उपासाची पारणी झाली. नंतर मी बहिणीच्या मुलीला द्यायचा डबा घेऊन नाव टाकायला दुपारी त्यांच्या दुकानात गेले. गल्ल्यावर पीयूष होता. मी म्हणाले, काकी कुठायत? त्यानं नुसतं बोट वर केलं. वरनं निवेदकाचा आवाज येत होता, आणि रिंकू मिक्सरवर काहीतरी वाटत होती. मग कस्तुरबाईंची हाक आख्ख्या पेठेला ऐकू गेली.

"रिंकू, मिक्सर बंद कर गं. आमाला ऐकू येत न्हाई."